मघाचा धर्माकाका

आमच्या धर्माकाकाला ‘कसे आहात?’ असं कोणी विचारू नये. विचारलंत तर तुमची सकाळ गेली.

“बगतोस तसा हाय,” तो म्हणणार. “पन तू बगतोस तो मी मघाचा. माज्या अंगावरनं उजेड निगाला, तुज्या डोळ्यापत्तुर आला, तवर मी म्होरं गेलो. माज्या तोंडाकडं बगून काय ठरवू नको.”

“म्हणून तर विचारतोय ना, काका!”

“हां, पन तू इचारलंस ते बी मघाशी.”

हे एका माणसापुरतं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण त्याच्या लेखी गावातली प्रत्येक वस्तू मघाची. मांजर दुधात तोंड घालतंय असं कोणी ओरडलं, तर हा बसल्या जागेवरून म्हणणार, “ते मघाचं. आता पिऊन झालं असंल.” आणि खरंच, तो उठेपर्यंत पिऊन झालेलं असायचं. शेजारची बायजाआत्या सकाळी शिव्या द्यायला अंगणात आली, की तो शांतपणे ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, “बायजे, तुजा राग मला दिसतो तो मघाचा. आता निवली असशील.” यावर बायजाआत्या जे बोलायची ते छापण्यासारखं नाही. मी बरंच काही छापलेलं आहे, तरी ते छापण्यासारखं नाही.

एकदा आमच्या मोर्च्यात दगड पडला आणि फौजदाराने आम्हा दोघांना बोलावून घेतलं. मी उत्तरं पाठ करून गेलो होतो. धर्माकाकाला विचारलं, “दगड कोणी मारला ते तू पाहिलंस?”

“पायलं.”

मी त्याच्या पायावर पाय दिला.

“पन साह्यब, पायलं ते मघाचं. त्यो मानूस आता त्यो मानूस ऱ्हायला असंल का, ते मला सांगता येनार न्हाय.”

फौजदाराने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि आम्हाला घरी पाठवलं. घटनेने दिलेले हक्क मला सगळे तोंडपाठ होते. सुटका मात्र ‘मघा’मुळे झाली. याचा मला आजही संताप येतो.

आणि हे खूळ गावात आणलं कोणी, तर मीच. म्हणजे मी आणायला गेलो होतो विज्ञान.

आमचा कोळंबपाडा चौलच्या खाली, खाडीच्या अंगाने आत शिरलं की लागतो. वरला पाडा, खालला पाडा, मध्ये देऊळ. समोर खारीची भातशेती, आणि शेतीच्या पलीकडे मातीचा बांध. बांधाच्या अलीकडे भात, पलीकडे समुद्र, आणि भरतीला समुद्र भातापेक्षा उंच. एवढ्या भूगोलावर सगळं गाव उभं.

देश स्वतंत्र होऊन काही वर्षं झाली होती. अलिबागला जाऊन मॅट्रिक झालेला गावातला मी एकटा. आणि गावात ग्रहण लागलं की गरोदर बाया अजून अंधाऱ्या खोलीत कोंडल्या जात होत्या! मी पत्रक काढलं: ‘ग्रहण राहूचे की अज्ञानाचे?’ मुंबईहून एका प्रोफेसरांना गाठलं, मचव्यात बसवलं आणि शाळेत व्याख्यान ठेवलं. खिडक्यांना गोणपाटं लावून भर दुपारी अंधार केला, कारण प्रोफेसरांनी चित्रं दाखवायचा दिवा आणला होता.

प्रोफेसर उभे राहिले आणि म्हणाले, “ग्रहण ही अगदी किरकोळ बाब आहे. ती सोडून देऊ.”

सोडून देऊ! मी पत्रकं वाटून वाटून चपला झिजवल्या होत्या.

आणि त्यांनी पडद्यावर एक काळं चित्र टाकलं. त्यावर पांढरे पुसट ठिपके.

“बुरशी,” बायजाआत्या मागून म्हणाली. “माज्या लोणच्यावर येते ती.”

प्रोफेसर म्हणाले, बुरशी नव्हे, या दीर्घिका. आपली आकाशगंगा ही एक दीर्घिका, अशा अगणित आहेत, आणि एकेका ठिपक्यात अब्जावधी सूर्य. त्या एकट्यादुकट्या राहत नाहीत, पुंजके करून राहतात. पुंजक्यापुंजक्यांमध्ये अंतर इतकं, की तिथला उजेड इथे पोचायला कोट्यवधी वर्षं लागतात. म्हणून जितकं लांब पाहावं तितकं जुनं दिसतं. लांबचे पुंजके आपण पाहतो ते त्यांच्या लहानपणातले, जवळचे पाहतो ते वयात आलेले. लहानपणी पुंजका विस्कळीत असावा, पुढे एकमेकींना ओढून घेत घट्ट होत असावा. घट्ट पुंजक्याच्या मधोमध साऱ्या म्हाताऱ्या दीर्घिका, तिथे नवे तारे जन्मत नाहीत. तरण्याताठ्या असतात त्या कडेला. आणि गंमत अशी, की या दीर्घिका इतक्या वेगाने पळताहेत, की दिसतं तेवढ्याच वजनावर हिशेब केला तर पुंजका केव्हाच फुटून जायला हवा होता. फुटलेला नाही. म्हणजे न दिसणारं काहीतरी वजन तिथे असलं पाहिजे. आणि दोन पुंजके समोरासमोर आले, तर दीर्घिका न आदळता आरपार निघून जातात, मधला धुरासारखा वायू तेवढा मागे राहतो.

“काही पंडितांचं मात्र म्हणणं असं,” ते पुढे म्हणाले, “की विश्व सदैव असंच होतं आणि सदैव असंच राहील.”

तेव्हा मी उठलो. राहवलं नाही. “हे तर खोतांचं तत्त्वज्ञान झालं!” मी म्हणालो. प्रोफेसरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं चित्र लावलं.

शेवटी कोणाला शंका असेल तर विचारा म्हणाले. शाळा अर्धी झोपलेली, अर्धी निघून गेलेली. धर्माकाका उभा राहिला. उघडाबंब, कमरेला लंगोटी, करदोट्याला एक चावी लटकलेली.

“साह्यब, पुंजक्यातनं जी सुटून जाते, ती परत येते का?”

प्रोफेसर थबकले. चांगला प्रश्न आहे म्हणाले. तोंड उघडलं. तेवढ्यात दारातून तांडेल ओरडला, “चला, चला, ओहोटी लागली! मचवा चिखलात बसंल, मंग राती हितंच ऱ्हावा!” आणि प्रोफेसरांचा दंड धरून तो त्यांना घेऊन गेला. दिव्याची पेटी डोक्यावर घेऊन मी मागे, माझ्या मागे धर्माकाका. मचवा सुटला. धर्माकाका धक्क्यावरून थेट चिखलात उतरला, मांडीपर्यंत रुतला आणि ओरडला, “साह्यब! येते का न्हाय येते?”

प्रोफेसर कठड्यावरून वाकले. पण त्यांना बोट लागली होती. विज्ञानाचं जे काय उत्तर होतं, ते खाडीत गेलं.

करदोट्याच्या चावीचं सांगायला हवं. ती धर्माकाकाच्या धाकट्या भावाच्या, नामाच्या घराची. धर्माकाकाची बायको पहिल्या बाळंतपणात गेली, मूलही गेलं; त्याने पुन्हा लग्न केलं नाही. नामाचीच पोरं त्याच्या अंगाखांद्यावर वाढली. व्याख्यानाच्याच वर्षी शिमगा झाला आणि नामा बायकापोरांना घेऊन मुंबईला गिरणीत गेला. दाराला कुलूप घातलं, चावी भावाच्या हातात दिली. “गनपतीला येतो,” म्हणाला. जाताना एक जुनी पितळी दुर्बीणही देऊन गेला, बोटीवरची, मुंबईच्या जुन्या बाजारातली. तिच्या काचेला मधोमध तडा. तिच्यातून गाव पाहिलं तर वरला पाडा एका बाजूला, खालला दुसऱ्या बाजूला. दोन पाड्यांत फूट आहे याचा तो पहिला शास्त्रीय पुरावा.

नामा पहिल्या गणपतीला आला. दुसऱ्यालाही आला. पुढे त्याचा निरोप यायला लागला, आणि मग निरोपही गणपतीसारखा दीड दिवसात विसर्जन पावायला लागला. धर्माकाका मात्र रोज सकाळी नामाचं अंगण झाडायचा. नामाच्या परसाला लागून बायजाआत्याची चूल. खाडीवरचा वारा सुटला की तिचा सगळा धूर नामाच्या कौलांवर. धर्माकाका शिडी लावून ती काजळी पुसायचा.

“मेल्या, माजी चूल काय तुज्या भावाच्या वाईटावर हाय?” बायजाआत्या खालून विचारायची.

“तुजा धूर मघाचा, बायजे. तुला कशाला बोल लावू?”

व्याख्यानानंतर गावात पुंजक्यांची साथ आली. कोंबड्या दाण्याभोवती जमल्या, पुंजका. हळदीला बाया बसल्या, पुंजका. धर्माकाका हळदीच्या मांडवात उभा राहून न्याहाळायचा आणि नवरीच्या बापाला सांगायचा, “मधोमध समद्या म्हाताऱ्या. तरन्या पोरी कडेला. पुंजका जुना हाय तुजा, सांबाळ.” नवरीचा बाप घाबरून भगताकडे गेला. ग्रहणाची भीती घालवायला मी प्रोफेसर आणला, आणि गावात एक भीती वाढली!

सगळ्यात कहर म्हणजे देवीची टेकडी. रोज तिन्हीसांजेआधी हा दुर्बीण काखोटीला मारून टेकडीवर चढायचा आणि तिथून गाव बघत बसायचा. कोणी विचारलं तर म्हणायचा, “लांबनं बगितलं का जुनं दिसतं. प्रोफेसरानं सांगितलंय.” आख्ख्या पंचक्रोशीत बातमी झाली, की कोळंबपाड्याच्या धर्माला टेकडीवरून मागचा काळ दिसतो. एक म्हातारी पोयनाडहून हरवलेल्या म्हशीची चौकशी करायला आली. मी पत्रक काढण्याच्या बेतात होतो.

मग तो एकदा यात्रेकरूंबरोबर हरिहरेश्वरला गेला. दर्शनाला नव्हे. देवळाकडे पाठ करून खडकावर उभा राहिला आणि उत्तरेकडे दुर्बीण लावली. यात्रेकरू प्रदक्षिणा घालून आले तरी हा तसाच.

परत आल्यावर मी विचारलं, “दिसलं का गाव?”

“न्हाय दिसला,” तो समाधानाने म्हणाला. “एवढ्या लांबनं लई मागचं दिसतं. तवा गाव वसलाच नव्हता.”

मला राहवेना. मी त्याला धरून ओट्यावर बसवलं आणि प्रकाशाचा वेग समजावला. “काका, हरिहरेश्वर काय नि टेकडी काय, एवढ्याशा अंतराला उजेडाला पापणी लवण्याइतकासुद्धा वेळ लागत नाही! काही जुनं दिसत नाही!”

त्याने अगदी लक्ष देऊन ऐकलं.

“लागतच न्हाय? का थोडा लागतो?”

“थोडा. नसल्यासारखाच.”

“लागतो ना? मंग झालं तर,” म्हणाला, आणि दुर्बीण पुसायला घेतली.

आता बांधाची गोष्ट.

भाद्रपदात खाडीच्या तोंडाशी बांधाला खांड पडली. खांड म्हणजे भगदाड. भात पोटरीला आलेलं. दर भरतीला खारं पाणी थोडं थोडं आत येत होतं, आणि सर्वपित्री अमावास्येचं उधाण तोंडावर. वर्षातलं सगळ्यात मोठं उधाण ते. तोवर खांड बुजली नाही तर उभं पीक जाणार, आणि नुसतं पीक नव्हे, जमिनीत मीठ मुरलं की पुढली दोन-तीन वर्षं गवतसुद्धा उगवत नाही. नामासारखे बरेच जण कुलूप घालून मुंबईला गेले होतेच; जी घरं उघडी होती, त्यांनाही कुलपं लागणार. खांडीच्या समोर पहिलं शेत नामाचं. ते धर्माकाकाच कसत होता.

पूर्वापार रीत जोळाची. बांध फुटला की हाक द्यायची, घरटी एक माणूस चिखलाची पाटी घेऊन हजर. मजुरी नाही, मुकादम नाही. माझा याला विरोध होता, आणि आहे. बांध आता सरकारने आपल्या अखत्यारीत घेतलेला. मग माती आम्ही का वाहायची? मी पत्रक काढलं: ‘जोळ नव्हे, वेठ!’ अर्ज केले. एक साहेब आले, खांड पाहिली, दोन शहाळी प्यायले, खांड मोठी आहे असं आम्हाला सांगितलं आणि गेले.

“काका,” मी म्हणालो, “आपण माती टाकली की सरकार कायमचं हात झटकणार. हा तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“व्हय,” धर्माकाका म्हणाला. “पन उधानाला तुजं पत्रक वाचता येतं का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी, पाणी उतरल्यावर, त्याने बांधावर उभं राहून जोळाची हाक दिली. वरल्या पाड्यातले वरच्या अंगाने आले, खालल्या पाड्यातले खालच्या. दोघांचं बोलणं नव्हतं. पालखी आधी कोणाच्या दारात टेकायची यावरून शिमग्यापासून तोंडं फिरलेली. धर्माकाकाने घरांची नावं घ्यायला सुरुवात केली. “पोशा!” “हाय!” “चांग्या!” “हाय!” मग एक कुलूपबंद घराचं नाव घेतलं. बांधावर नुसता वारा.

“हाय,” धर्माकाका स्वतःच म्हणाला. “दिसत न्हाय.”

आणि पुढचं नाव. तिथेही कुलूप. “हाय. दिसत न्हाय.”

लोक हसायला लागले. मी पुढे झालो. “काका, ही खोटी हजेरी आहे!”

“खोटी कशी? प्रोफेसर काय म्हनला? दिसतं तेवढ्याच वजनावर पुंजका कवाच फुटला असता. आपला गाव फुटलाय का?”

“फुटायच्या बेतात आहे.”

“म्हंजे न्हाय फुटला. मंग न दिसनारं वजन हाय का न्हाय?” आणि पुढचं नाव घेतलं, “नामा!” आणि इथे मात्र जरा थांबला. जणू कोणी उत्तर दिलं तर ऐकू यावं. मग म्हणाला, “हाय. दिसत न्हाय.”

काम सुरू झालं आणि लगेच बंद पडलं. त्याचं असं झालं: चिखल काढायची जागा खालच्या टोकाला, झुडपं आणि दगड वरच्या टोकाला. म्हणजे वरल्यांनी दगड घेऊन खाली यायचं, खालल्यांनी चिखल घेऊन वर जायचं. आणि बांधाची वाट एका माणसाच्या रुंदीची. मधोमध दोन रांगा समोरासमोर ठाकल्या. वाट द्यायची कोणी? जो देईल त्याने हार खाल्ली, पालखी पुढल्या वर्षी गेली हातची. पोशा वरल्यांचा पुढारी, चांग्या खालल्यांचा. डोक्यावर पाट्या, खालल्यांच्या पाट्यांतून चिखल ओघळून मिशांवर, आणि कोणी तसूभर हलेना. मी दोन्ही बाजूंना ऐक्यावर भाषण केलं. माझं भाषण चांगलं झालं. कोणी हललं नाही. खाडीच्या तोंडाशी भरतीचं पाणी परतायला लागलं होतं.

धर्माकाका पाटी खाली ठेवून मध्ये घुसला.

“आरं, तुमाला कोन सांगतो वाट द्या म्हनून? देऊ नका! दोन पुंजके समोरासमोर आले का काय करतात?”

“काय करतात?” पोशा घोगऱ्या आवाजात म्हणाला. त्याला मान हलवता येत नव्हती.

“आरपार जातात! कोन कोनाला आदळत न्हाय, कोन कोनाला वाट देत न्हाय. हा ह्याच्यातनं जातो, तो त्याच्यातनं जातो. मधी लई जागा असते.”

“आन ह्यांच्यात कुठं हाय जागा?” बायजाआत्या खालून ओरडली. “पोटं बग एकेकाची, पखाली नुसत्या!”

“तिरपं व्हा! तिरपं व्हा आन डोळं मिटा!” धर्माकाकाने हुकूम सोडला. “दिसलं न्हाय का वाट दिली न्हाय!”

मी शपथेवर सांगतो, ते झालं. पोशा तिरपा झाला, चांग्या तिरपा झाला, दोघांनी डोळे गच्च मिटले, पोटाला पोट घासत एकमेकांना ओलांडून गेले, आणि पलीकडे जाऊन दोघांनीही विजयी मुद्रेने मागे पाहिलं. मागोमाग सगळी रांग. वाट कोणी दिली नाही. सगळे आरपार गेले. दोनजण बांधावरून गडगडून चिखलात पडले, पण त्यांनीही वाट दिली नाही, ते पडले.

“पुंजके गेले का मधला धूर मागं ऱ्हातो, म्हनला व्हता प्रोफेसर,” धर्माकाका मला म्हणाला. तेवढ्यात मधोमध पोशाचा आणि चांग्याचा आवाज आला. एकमेकांच्या आईबापांचा उद्धार चालला होता, पण पाट्या थांबल्या नव्हत्या. “त्यो बग धूर.”

मीही पाट्या वाहिल्या. मोठ्याने निषेध नोंदवत वाहिल्या. प्रत्येक पाटीला सरकारचा धिक्कार केला. बायजाआत्या म्हणाली, “धिक्कार नंतर कर, चिखल सांडतोस!”

आपल्या घरची पाटी झाली की लोक दम खायला बसत. धर्माकाका बसला नाही. कुलूपबंद घरांची नावं घेत तो एकेक पाटी आणून खांडीत ओतत राहिला. “ही काळ्याची. ही विठूची.” सगळ्यात शेवटी एक पाटी त्याने इतकी भरली, की उचलायला दोघं लागले.

“एवढी कशाला?” मी विचारलं.

“नामाची हाय. त्यो अंगानं दांडगा.”

उधाण आलं, बांधाच्या माथ्याला लागलं, आणि परत गेलं. माझं म्हणणं आजही तेच आहे: ते काम सरकारचं होतं.

बांध राहिला म्हणून माणसं राहिली असं मात्र नाही. पीक आलं, खाल्लं, आणि मिरगाआधी आणखी घरांना कुलपं लागली. आता गिरण्यांबरोबर गोद्याही माणसं मागत होत्या. खालल्या पाड्यात दिवे कमी, वरल्या पाड्यात पोरं कमी. पालखीचं भांडण मिटलं, कारण खांदे देण्यासाठी दोन्ही पाडे लागायला लागले.

पुढे एका मोर्च्यासाठी मी मुंबईला गेलो, तेव्हा त्या प्रोफेसरांना मुद्दाम गाठलं. त्यांना कोळंबपाडा आठवेना. मचवा मात्र चांगलाच आठवत होता. मी धर्माकाकाचा प्रश्न विचारला. त्यांनी सरळ उत्तर दिलं, आणि मला सरळ उत्तरं आवडतात.

गावी आलो तो दगडी बांधाच्या मागणीचा अर्ज घेऊनच. त्यावर घराघराच्या सह्या आणि अंगठे घेत फिरलो. धर्माकाका घरी नव्हता. ऊन कलत आलं होतं. मी टेकडी चढलो.

तो दुर्बिणीला डोळा लावून बसलेला. चाहूल लागली तरी वळला नाही.

“काका, अंगठा पाहिजे.”

त्याने दुसरा हात मागे केला. मी शाई लावली, अंगठा उमटवून घेतला. “ह्यो मघाचा,” तो म्हणाला.

“आणि प्रोफेसर भेटले होते.”

आता मात्र दुर्बीण खाली आली.

“इचारलंस?”

“विचारलं.” गोड बोलण्याची मला सवय नाही, आणि लोकांना फसवणाऱ्यांविरुद्ध लिहिण्यात माझी हयात गेली. “म्हणाले, पुंजक्यातून एखादी दीर्घिका वेगाने सुटून गेली, की परत येत नाही.”

लंगोटीच्या शेवाने धर्माकाकाने काच पुसली, तड्याच्या एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. खाली बांधावरून कोणी गुरं परतवत होतं.

“त्यांनी कशावरनं सांगितलं?”

“मोठ्या दुर्बिणीतून पाहून.”

“त्यो उजेड तितनं कवा निगालेला?”

“कोट्यवधी वर्षांपूर्वी.”

“मंग!” त्याचं तोंड एकदम फुललं. “मंग ते मघाचं की रं! ती आता परत फिरली असंल, तर प्रोफेसराला कशी दिसनार? तिचा उजेड वाटंतच असंल!”

मी तोंड उघडलं. या म्हणण्यात कुठे चूक आहे ते मला सांगता आलं असतं. त्याने दुर्बीण माझ्या हातात दिली.

“बग.”

मी पाहिलं. मधोमध तडा, दोन्ही बाजूंना कौलं, माड, देवळाचा कळस. गाव जसं असायचं तसं.

“तुला वाटतं, मी खुळा हाय,” तो माझ्या कानाशी म्हणाला. “हितनं जुनं काय दिसत न्हाय, ते मला म्हाईत हाय. तूच सांगितलंस. पन हितनं कुलपं बी दिसत न्हाईत.”

मी दुर्बीण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. खरंच, एकही दिसत नव्हतं.

“आन नामाच्या घरावर बग. कौलांवर.”

कौलांवर धूर होता. खाडीवरचा वारा सुटलेला. त्या घरामागे कोणाची चूल आहे ते मला माहीत होतं, गावातल्या पोराटोराला माहीत होतं, आणि ज्याने ती काजळी इतकी वर्षं शिडी लावून पुसली, त्याला तर होतंच होतं. मी दुर्बीण डोळ्यावरून काढली नाही.

“काय शिजतंय, काका?” मी विचारलं.

त्याने नाक वर करून वारा हुंगला.

“सुकट,” तो म्हणाला. “वांगं घातलेली.” आणि जरा थांबून, “आताची हाय. मघाची न्हाय.”